लाईन थांबवली म्हणून मेमो मिळाला. तुमच्याकडे वाईट बातमी सांगणाऱ्याचं काय होतं?

दुसरी_पाळी

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, तोही रागात आहे म्हणून, तेव्हा लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मूळची लातूरची, डिप्लोमा मेकॅनिकल, सात वर्षं चाकणला एका ऑटो पार्टच्या कंपनीत लाईन क्वालिटीला, म्हणजे उत्पादनाच्या लाईनवर माल तपासायला आहे. ब्रेकच्या सिस्टिममध्ये बसणारी ॲल्युमिनियमची हाऊसिंग आम्ही मशीनिंग करून देतो. गेल्या मंगळवारी सेकंड शिफ्टला, रात्री पावणेनऊच्या सुमारास, मशीनवरचा ऑपरेटर स्वतः चालत माझ्या टेबलापाशी आला. ठेकेदाराकडचा मुलगा आहे, परभणीकडचा, वय असेल २३. म्हणाला, मॅडम नो-गो आत जातंय. म्हणजे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, प्लग गेजची एक बाजू बोअरमध्ये, म्हणजे पार्टच्या भोकात, जायला पाहिजे आणि दुसरी जायला नाही पाहिजे, ती दुसरी गेली तर बोअर मोठा झाला. मी जाऊन बघितलं, खरंच जात होती. सातच्या चेकला सगळं ओके होतं, म्हणजे मधला सगळा माल संशयित. शिफ्ट इन्चार्जना तीन फोन केले, लागला नाही. लाईन थांबवली, ३४० पीस बाजूला काढले आणि आम्ही दोघांनी मिळून एकेक चेक केला. ६१ पीस खराब निघाले. रात्री अकराची गाडी गेली नाही, पहाटे चारला गेली.

सकाळच्या मीटिंगला माझी शिफ्ट नसताना मला बोलावून घेतलं. प्लांट हेडचा पहिला प्रश्न, "कोणाला विचारून थांबवली?" ६१ पीसबद्दल एक अक्षर नाही. संध्याकाळी मेमो हातात. आणि त्या मुलाला लाईनवरून काढून डिबरिंगला, म्हणजे पीसच्या कडा घासायला बसवलं, शिक्षाच ती, सगळ्यांना कळतं.

शॉप फ्लोअरवर शिरताना दारातच मोठा बोर्ड आहे, "दोष दिसला की लाईन थांबवा, हा प्रत्येकाचा अधिकार आहे", खाली प्लांट हेडचीच सही आहे.

मला मेमोचं एवढं नाही वाटलं. पण काल तो मुलगा पाण्याच्या कूलरपाशी भेटला आणि खाली बघून म्हणाला, मॅडम पुढच्या वेळी मी नाही सांगणार. त्यानंतर मला झोप लागलेली नाही.

विचारायचंय हे की मेमोला उत्तर काय द्यावं, तुमच्याकडेही असंच आहे का, आणि ही नोकरी सोडावी का?

---

अविनाश_निगडी

मेमोचा फोटो काढून ठेवा. उत्तर लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी काही बोलू नका. बाकी नंतर.

---

मीनल७

वाचून पोटात गोळा आला. ब्रेकचा पार्ट आहे हो हा! उद्या कोणाच्या गाडीत बसला असता.

---

डिस्पॅचवाला

ताई, राग मानू नका, पण मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण त्या अकराच्या गाडीची वाट बघत बसणारा माणूस मी आहे. कस्टमरची लाईन थांबली तर मिनिटावर पैसे लावतात, डेबिट नोट येते ती आमच्या नावावर, कधीकधी आठ पेट्यांसाठी वेगळा टेम्पो नाहीतर विमानाने माल पाठवावा लागतो आणि तो खर्च महिनाभर मीटिंगमध्ये आमच्या डोक्यावर आपटतात. प्लांट हेडला रात्री साडेअकराला कस्टमरचा फोन आला असणार, त्याला काहीच माहीत नसणार, तो तोंडघशी पडला असणार. लाईन थांबवली हे चूक नाही म्हणत मी, पण वर कळवायला पाहिजे होतं. इन्चार्ज नाही लागला तर प्रॉडक्शन मॅनेजर, तो नाही तर थेट हेड. एस्कलेशनचा तक्ता भिंतीवर असतो ना.

---

दुसरी_पाळी

डिस्पॅचवाला, राग नाही आला. तुमचं बरोबर आहे, मॅनेजरना मी पावणेदहाला मेसेज टाकला, फोन करायला पाहिजे होता. ती चूक माझी आणि उत्तरात मी ती लिहिणार आहे. पण मेमोत ते नाहीये. मेमोत लिहिलंय "परवानगीशिवाय उत्पादन बंद केले".

---

नाना_भोसरी

बाळ, पहिल्यांदा तुझं आणि त्या पोराचं अभिनंदन करतो, कारण एवढ्या सगळ्यात ते कोणी केलेलं दिसत नाही.

मी ३४ वर्षं भोसरी एमआयडीसीत काढली, आधी टूलरूम, मग इन्स्पेक्शन, आता रिटायर होऊन आठ वर्षं झाली. दोन साहेबांची गोष्ट सांगतो. पहिले आमचे वर्क्स मॅनेजर होते त्यांचा एक नियम होता, जो माणूस खराब पीस स्वतःहून घेऊन केबिनमध्ये येईल त्याला आधी बसायला खुर्ची, मग चहा आणि मग प्रश्न. प्रश्नही कसे, "कधीपासून होतंय वाटतं तुला?" असे. कोणी केलं हे ते विचारायचे नाहीत कारण समोरचा माणूस दोन घोट चहा पोटात गेल्यावर आपणहूनच सांगायचा. त्या काळात आमच्या केबिनबाहेर खराब पीस घेतलेल्या माणसांची रांग असायची आणि बाहेरून येणाऱ्याला वाटायचं ह्या कंपनीत रिजेक्शन फार आहे.

मग ते गेले आणि दुसरे आले. हुशार माणूस, मोठं शिक्षण, पण पहिल्याच आठवड्यात एका टर्नरने पीस दाखवायला आणला तो त्यांनी सगळ्यांसमोर जमिनीवर आपटला. झालं. महिन्याभरात रिजेक्शन निम्म्यावर आलं, वर कौतुक झालं, बोर्डवर आलेख लागला. त्या दिवाळीच्या शटडाऊनला आम्ही मशीनच्या कूलंटच्या, म्हणजे कापताना थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाक्या उपसल्या. तळाला गाळ आणि गाळात पीस. एका टाकीतले मोजले तर दोनशेच्या वर निघाले. आणखी चिपच्या ट्रॉलीतून भंगारात किती गेले ते देवाला माहीत. माणसं तीच, मशीन तीच, फक्त खराब माल दाखवायचा कोणाला हे बदललं होतं.

तुझा तो पोरगा "पुढच्या वेळी नाही सांगणार" म्हणाला ना, ते म्हणजे कूलंटच्या टाकीतला पहिला पीस समज.

---

मीनल७

नाना, शेवटचं वाक्य वाचून काटा आला.

---

हिंजवडी_फेज_तीन

नानांच्या टाकीची आमची आवृत्ती देतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले, आमच्याकडे पीस नसतात पण दर सोमवारी प्रोजेक्टचा रंग सांगायचा असतो, हिरवा पिवळा लाल. लाल सांगितला की रोज दोन जादा मीटिंग लागतात आणि त्यात सहा मोठी माणसं येऊन का लाल का लाल विचारतात, कोणी काम मात्र वाटून घेत नाही. त्यामुळे सगळे हिरवा सांगतात आणि रिलीजच्या आदल्या आठवड्यात एकदम लाल. ह्याला आमच्यात वॉटरमेलन स्टेटस म्हणतात, बाहेरून हिरवं आत लाल.

मागच्या वर्षी टीममधल्या एका मुलीने दोन महिने आधीच सांगितलं होतं की ही तारीख जमणार नाही. तिला "निगेटिव्ह आहे" म्हणून रेटिंग खाली दिलं, तारीख अर्थातच चुकली, पण रेटिंग काही वर आलं नाही. आता ती ९० दिवसांचा नोटीस पीरियड काढतेय.

---

पेठेतला_खवय्या

कलिंगडाचं ऐकून एक आठवलं. आमच्या कंपनीत सूचनापेटी होती, प्रत्येक सूचनेचं उत्तर पंधरा दिवसात बोर्डवर लावायचे. पहिल्या महिन्यात ४० चिठ्ठ्या आल्या त्यातल्या ३१ कॅंटीनच्या आमटीवर! पण एचआरच्या मॅडमनी खरंच आमटी बदलली, स्वतः आठवडाभर पंगतीत बसून जेवल्या. आणि मग पेटीत खऱ्या चिठ्ठ्या यायला लागल्या, प्रेसच्या गार्डबद्दल, तेल सांडतं त्याबद्दल. लोक आधी आमटीवर परीक्षा घेतात हो.

---

सुलभा_मिरज

आमटीवर परीक्षा, अगदी खरं आहे.

मी नर्स आहे, २२ वर्षं. आमच्याकडे इन्सिडेंट फॉर्म असतो, म्हणजे औषध देताना चूक झाली किंवा होता होता वाचली तर भरायचा. एका ठिकाणी फॉर्म भरला की सिस्टरला मेट्रनसमोर उभं करायचे, तिथे वर्षाला दोन-तीन फॉर्म यायचे. दुसऱ्या ठिकाणी नाव लिहायची सक्तीच नव्हती, तिथे महिन्याला वीस यायचे आणि त्यातूनच कळलं की दोन इंजेक्शनच्या बाटल्या दिसायला सारख्या आहेत आणि एकाच ट्रेमध्ये ठेवतात. ट्रे वेगळे केले. एवढंच करायचं होतं, पण ते कळायला वीस जणींनी न घाबरता लिहायला लागलं.

---

बँकवाला_नांदेड

आमच्याकडे सकाळी साडेनऊला कॉल, रात्री आठला कॉल. मधे विम्याचं टार्गेट. "होणार नाही" हा शब्द बोललात की पुढच्या बदलीच्या यादीत नाव. त्यामुळे सगळे "करतो साहेब" म्हणतात आणि मार्च महिन्यात स्वतःच्या आईच्या नावाने पॉलिसी काढतात. मी काढलीय.

---

तपासनीस

सगळ्यांचं दुःख खरं आहे पण मला सगळं इतकं काळंपांढरं वाटत नाही. मी १६ वर्षं वेगवेगळ्या कंपन्यांचे ऑडिट करतोय. असेही क्वालिटीवाले बघितलेत की जे दर दोन तासाला लाईन थांबवतात आणि निघतो एखादा ओरखडा, तोही आतल्या बाजूला जिथे काही फरक पडत नाही. मग प्रॉडक्शनवाले त्यांचं ऐकणं सोडून देतात. थांबवायचा अधिकार दिला तर कशासाठी थांबवायचं हेही ठरवून द्यायला लागतं.

आणि धागा काढणाऱ्या ताईंना एक विचारतो, ३४० पीस संशयित कसे झाले? कंट्रोल प्लॅनमध्ये, म्हणजे कधी काय तपासायचं त्या तक्त्यात, ऑपरेटरचा चेक किती पीसला एक आहे? सातनंतर त्याने एकदाही गेज लावलं नाही का?

---

दुसरी_पाळी

तपासनीस, हाच प्रश्न मला कोणीतरी मीटिंगमध्ये विचारायला पाहिजे होता!

कंट्रोल प्लॅनमध्ये दर २० पीसला एक आहे. पण त्या बोअरची दोन गेज आहेत त्यातलं एक कॅलिब्रेशनला, म्हणजे माप बरोबर आहे का ते तपासायला गेलंय, तीन आठवडे झाले परत आलं नाही. त्यामुळे दोन मशीनला मिळून एकच गेज आणि मशीन आहेत एकमेकांपासून लांब, मधे पॅलेट लावलेले. गेज आणायला गेलं की तासाच्या बोर्डवर आकडा कमी दिसतो आणि लगेच विचारणा होते. म्हणून ही मुलं ७०-८० पीसला एकदा लावतात आणि शीटवर मात्र सगळीकडे बरोबरच्या खुणा करतात. हे मला माहीत होतं. मी कॅलिब्रेशनसाठी दोन मेल टाकले होते आणि मग गप्प बसले. आठनंतर त्याने एकदा चेक केलं तेव्हा नो-गो अडखळत होतं पण जात नव्हतं म्हणे.

खराबीचं कारण नंतर मेंटेनन्सला सापडलं, कूलंटचं नोझल सरकून धार भलतीकडे पडत होती, त्यामुळे बोरिंगच्या इन्सर्टवर, म्हणजे कापणाऱ्या टोकावर, ॲल्युमिनियम चिकटत गेलं आणि बोअर हळूहळू मोठा होत गेला.

कंपनीच्या रिपोर्टमध्ये कारण काय लिहिलंय माहितीये? "ऑपरेटरचा निष्काळजीपणा". उपाय, "ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण दिले".

---

नाना_भोसरी

"ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण दिले". हे वाक्य मी माझ्या आयुष्यात हजार वेळा वाचलं असेल आणि सांगायला वाईट वाटतं, शंभर वेळा स्वतः लिहिलंही आहे, कारण हे लिहिलं की फाईल बंद होते. का-का विचारत जायचं ते माणसापाशी आलं की थांबतात सगळे. अरे, त्याच्या पुढे विचारा ना! गेज का नव्हतं, तीन आठवडे का आलं नाही, जादा गेजची मागणी कोणी अडवली, नोझल रोज कोण बघतं. नोझल सरकू नये म्हणून लॉक नट आहे का?

---

आयचीहून_अमोल

उशिरा आलो. मी नऊ वर्षं जपानमध्ये आयची प्रांतात आहे, गाड्यांच्याच धंद्यात. आपल्याकडे लाईन थांबवायची दोरी नाहीतर बटण बसवतात, बोर्ड लावतात, पण ती पद्धत चालते कशी हे अर्धंच आणलं जातं, म्हणून लिहितो.

टोयोटाच्या पद्धतीत कामगाराने दोरी ओढली की लाईन त्याच क्षणी थांबत नाही. दिवा लागतो, सूर वाजतो आणि टीम लीडर धावत येतो. गाडी त्या स्टेशनच्या शेवटच्या खुणेपर्यंत पोचेस्तोवर दोघं मिळून अडचण सोडवायचा प्रयत्न करतात, सुटली तर पुन्हा दोरी ओढायची, लाईन थांबतच नाही. नाही सुटली तर थांबते. म्हणजे दोरी ओढणं ही मदतीची हाक आहे. हाक मारल्यावर येणारा माणूस त्यांच्याकडे ठरलेला असतो आणि पाच-सात जणांमागे एक असतो. आपल्याकडे दोरी आहे पण येणारा माणूसच नाही, इन्चार्ज तीन लाईन बघतो आणि फोनवर असतो, मग ताईंसारखं कोणीतरी एकटं अडकतं.

दुसरं, पोका-योके हा शब्द सगळ्यांनी ऐकला असेल, चूक होऊच नये अशी युक्ती. त्याचं आधीचं नाव बाका-योके होतं, बाका म्हणजे मूर्ख. शिगेओ शिंगोंनी सांगितलेली गोष्ट आहे, १९६० च्या दशकात एका कारखान्यात अशी युक्ती बसवताना साहेबाने नाव सांगितलं तर तिथली कामगार बाई रडायला लागली, मी काय इतकी मूर्ख आहे का म्हणून. तेव्हा शिंगोंनी नावच बदललं. पोका म्हणजे नकळत होणारी चूक, ती कोणाकडूनही होते. एका बाईच्या रडण्यावरून शब्द बदलला, आणि आपल्याकडे अजून रिपोर्टमध्ये निष्काळजीपणा लिहितात.

---

मागवाला_इचल

इचलकरंजीहून. अमोलदादा, त्या टोयोटाचं मूळ आमच्या धंद्यात आहे हे सांगायला पाहिजे! साकिची टोयोडा मूळचा मागवाला. आमच्या साध्या मागावर ताण्याची तार, म्हणजे उभा धागा, तुटली तरी माग धडधडत राहतो, कामगाराचं लक्ष गेलं तर ठीक, नाहीतर हातभर कापडात फट. टोयोडाने १९२४ साली जो माग केला तो तार तुटली की आपोआप थांबायचा. त्या मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी विकत घेतले, आणि पुढे त्याच्या मुलाने, किइचिरोने गाड्या बनवायला घेतल्या.

माझ्या वडिलांनी ४० वर्षं साधे माग चालवले. ते म्हणायचे, माग थांबला तर तासाचं नुकसान, नाही थांबला तर अख्ख्या ताग्याचं.

---

हिंजवडी_फेज_तीन

मागवाला, तुमच्या वडिलांचं वाक्य उद्या स्टँडअप मीटिंगमध्ये सांगणार आहे.

---

वकील_पिंपरी

मेमोच्या प्रश्नावर येतो, धागा छान चाललाय पण ताईंना उत्तर द्यायचंय.

आधी बघा तो मेमो कारणे दाखवा आहे का ताकीद. कारणे दाखवा असेल तर तुमचं म्हणणं मागितलंय, शिक्षा अजून झालेली नाही. ताकीद असेल आणि तुमचं म्हणणं न ऐकता दिली असेल तर तेच उत्तरात पहिलं लिहा. उत्तरात विशेषणं नकोत, राग नको. वेळ आणि घटना लिहा: सातचा चेक ओके, अमुक वाजता ऑपरेटरने कळवलं, तीन फोन, किती पीस वेगळे केले, किती खराब निघाले, गाडी किती वाजता गेली. त्या बोर्डचा मजकूर जसाच्या तसा लिहा, कंपनीच्या लेखी सूचनेनुसार केलं म्हणून. मॅनेजरना फोन न केल्याची कबुली देताय ती द्या, त्याने उत्तराला वजन येतं. गेजच्या दोन मेलच्या तारखा द्या. पोच घ्या.

पदाचं नाव इंजिनियर असलं म्हणून आपल्याला कामगार कायद्याचं काही संरक्षण नाही असं धरून बसू नका, कायद्यात पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम काय करता ते बघतात. आणि तो मुलगा ठेकेदाराकडचा असला तरी त्याच्या पगाराची शेवटची जबाबदारी मुख्य कंपनीवर येते, ठेकेदाराने बुडवला तर. त्याला दुसरीकडे बसवल्यावर ओव्हरटाईम कापला का, विचारा. जादा तास भरून घेतले असतील तर दुप्पट दराने पैसे, हे कायद्यातच आहे.

---

अविनाश_निगडी

हेच मी दोन ओळीत म्हटलं होतं. धन्यवाद वकीलसाहेब.

---

खुर्चीतला

दोन दिवस हा धागा वाचतोय, लिहू का नको चाललं होतं. मी एका प्लांटचा हेड आहे, चाकणचा नाही. ताई, तुमच्या साहेबाने जे केलं ते मी केलेलं आहे, अगदी तसंच, सगळ्यांसमोर.

का केलं ते सांगतो, समर्थन म्हणून नाही. रोज सकाळी साडेआठला मला वरून फोन येतो त्यात एकच आकडा विचारतात, काल किती माल गेला. क्वालिटीचा आकडा महिन्याने विचारतात. जो आकडा रोज विचारला जातो त्याची भीती रोज असते. मी ती भीती मीटिंगमध्ये खाली ढकलत होतो आणि खालचे आणखी खाली.

माझे डोळे उघडले ते कस्टमरच्या यार्डात. चार वर्षांपूर्वी आमचा खराब माल गाडीत बसल्यावर सापडला, पिथमपूरला आमची सहा माणसं आणि मी, भर मे महिन्यात पत्र्याखाली बसून १,८०० पार्ट हाताने चेक करत होतो. तिसऱ्या दिवशी माझ्या शेजारी बसलेला इन्स्पेक्टर म्हणाला, सर मला हे तीन आठवडे आधी दिसलं होतं. मी म्हटलं मग सांगितलं का नाहीस. तो काही बोलला नाही, पीस चेक करत राहिला. मला माझा मीटिंगमधला आवाज आठवला.

परत आल्यावर मी एकच गोष्ट बदलली. सकाळच्या मीटिंगचा पहिला प्रश्न आता "काल कोणी काय थांबवलं" हा असतो आणि ज्याने थांबवलं त्याचं म्हणणं तो स्वतः सांगतो, त्याचा साहेब नाही. पहिले दोन महिने कोणीच बोललं नाही. मी रोज विचारत राहिलो, अवघड गेलं. मग एका अप्रेंटिस मुलीने सांगितलं, टॉर्क गन चुकीची दाखवतेय. तिथून पुढे सुरू झालं. अजूनही माझा आवाज चढतो कधीकधी, आणि चढला की आठवडाभर कोणी बोलत नाही, हेही बघितलंय.

तुमच्या साहेबांना एकटं गाठून बोला. चारचौघात नको. त्या ६१ पीसमधले दोन हातात घेऊन जा.

---

डिस्पॅचवाला

खुर्चीतला साहेब, एवढं खरं लिहिणारा माणूस इथे कमी बघितलाय. नमस्कार घ्या.

---

सुलभा_मिरज

मीही हेच लिहिणार होते.

---

चवळी_राजमा

माझं टोपणनाव ह्याच विषयावरून पडलंय म्हणून लिहायलाच हवं. डेमिंग नावाचे अमेरिकन सांख्यिकीतज्ज्ञ, १९५० साली जपानला जाऊन व्याख्यानं दिली ते. त्यांच्या १४ मुद्द्यांतला आठवा आहे भीती घालवा आणि दहावा आहे कामगारांसाठी लावलेल्या घोषणा आणि पाट्या काढा. दारातला बोर्ड वाचून तोच आठवला.

त्यांचा एक खेळ होता. डब्यात ३,२०० पांढरे आणि ८०० लाल मणी, ५० खड्ड्यांची फळी बुडवून काढायची, लाल मणी म्हणजे खराब माल. कोणाला ७ येतात कोणाला १४. मग डेमिंग साहेब बनून ७ वाल्याचं कौतुक करायचे, १४ वाल्याला झापायचे, पुढच्या फेरीत नेमकं उलटं व्हायचं. कामगाराच्या हातात काहीच नसतं, लाल मणी डब्यातच आहेत.

आम्ही हे कंपनीत मॅनेजर लोकांसाठी केलं, मणी कुठले आणायचे म्हणून पांढरी चवळी आणि राजमा, फळी टूलरूममध्ये ड्रिल करून घेतली. आमचे फायनान्सचे साहेब, एरवी अतिशय गंभीर, सलग तीनदा सगळ्यात जास्त राजमा काढून बसले आणि खरोखर घामाघूम झाले, म्हणाले माझी काय चूक आहे यात! अख्खा हॉल हसला, तेही हसले. पुढच्या आठवड्यात दोन वर्षं अडकलेली जादा गेजची फाईल त्यांनी स्वतः बोलावून सही केली. उरलेल्या कडधान्याची कॅंटीनवाल्याने उसळ केली.

---

पेठेतला_खवय्या

दोन्ही एकत्र? चवळीला राजमाच्या आधी उतरवायला लागतं, नाहीतर गाळ होतो.

---

चवळी_राजमा

आधी वेगळं निवडून घेतलं हो, तेही फायनान्सच्याच माणसांनी!

---

मीनल७

नोकरी सोडावी का ह्यावर कोणीच बोललं नाही. माझं मत, सोडा. ब्रेकचा खराब पार्ट अडवला म्हणून मेमो देणारी जागा आपली नाही. सात वर्षांचा अनुभव आहे, रांजणगाव, तळेगाव, कुठेही मिळेल.

---

बँकवाला_नांदेड

मीनल, बोलायला सोपं आहे. घराचा हप्ता, मुलांची शाळा, म्हातारे आईवडील गावाला. आणि नवीन ठिकाणी बोर्ड वेगळा आणि साहेब तोच निघाला तर?

---

मीनल७

ते आहेच. पण मी स्वतः दोन वर्षं अशीच काढली आणि शेवटी बीपीची गोळी सुरू झाली, ३१ व्या वर्षी. म्हणून बोलले.

---

तपासनीस

मुलाखतीला गेलात तर एक करा. शॉप फ्लोअर दाखवा म्हणा, आणि रेड बिन, म्हणजे खराब माल टाकायची लाल पेटी बघा. अगदी रिकामी आणि धूळ बसलेली असेल तर विचार करा. त्यात पीस असतील, टॅग लावलेले, तारीख आणि खाली ऑपरेटरचं नाव स्वतःच्या अक्षरात असेल तर ती जागा बरी. मी १६ वर्षं आधी तीच बघतो.

---

दुसरी_पाळी

अकरा दिवसांनी येतेय, माफ करा, मधे फर्स्ट शिफ्ट लागली होती आणि घरी भाची आजारी होती.

वकीलसाहेबांनी सांगितलं तसं उत्तर दिलं, दीड पान, पोच घेतली. मॅनेजरना फोन न केल्याचं लिहिलं. एचआरने घेतलं आणि म्हणाले मेमो फाईलला राहील, मागे घेता येत नाही. ठीक आहे.

मग खुर्चीतला ह्यांचं ऐकून प्लांट हेडना संध्याकाळी एकटं भेटले. दोन पीस आणि गेज घेऊन गेले. काही बोलले नाही, त्यांच्याच हातात दिलं, म्हटलं सर लावून बघा. त्यांनी लावलं. नो-गो आत गेलं ते त्यांनी दोनदा बाहेर काढून पुन्हा घातलं. माफी वगैरे काही मागितली नाही. बराच वेळ पीस फिरवत बसले आणि विचारलं, दुसरं गेज कुठाय? मी सांगितलं. त्यांनी तिथूनच कॅलिब्रेशनवाल्यांना फोन लावला. गेज तिसऱ्या दिवशी आलं आणि तिसरं एक जादा मागवलंय. रिपोर्टमधलं "निष्काळजीपणा" मात्र तसंच आहे, कस्टमरला गेलंय म्हणे, आता बदलत नाही. त्याचं मला अजून लागतंय.

त्या मुलाला सोमवारी परत लाईनवर घेतलं. मी त्याला नानांची टाकीची गोष्ट सांगितली, तो हसला पण काही बोलला नाही. चार दिवस मी राऊंडला गेले की तो गेज लावायचा, मी बघतेय म्हणून.

काल रात्री साडेसातला मी टेबलावर रिपोर्ट लिहीत होते, तो आला. हातात पीस. म्हणाला, मॅडम जात नाहीये, पण नेहमीपेक्षा सैल वाटतंय, एकदा बघता का.

रांजणगावच्या एका कंपनीत शनिवारी मुलाखत आहे. जाणार आहे. रेड बिन बघणार आहे.

---

नाना_भोसरी

मुलाखतीला जरूर जा बाळ. पण ते सैल का वाटत होतं ते सांगितलंच नाहीस. नोझल पुन्हा सरकलं होतं का?

---

दुसरी_पाळी

हो नाना, सरकलं होतं. लॉक नट नव्हताच. आज बसवला, त्यानेच.